बेने इस्राएलांचे सण आणि मुलांचे खेळ

बेने इस्राएलांचे सण आणि मुलांचे खेळ : कोकणपट्टीतील मराठीभाषी ज्यू समाजाच्या, म्हणजेच बेने इस्राएलांच्या, वार्षिक सणांची परंपरा आणि त्या सणांत मुलांना असलेले स्थान. या समाजाचे जुने सण मराठी नावांनी ओळखले जात आणि ते प्रार्थनामंदिरात नव्हे, तर घरात, स्वयंपाकाच्या व भांड्याकुंड्यांच्या आधारे पाळले जात. धर्मग्रंथ, धर्मगुरू आणि हिब्रू भाषा यांपैकी काहीच हाताशी नसताना हा वारसा अनेक पिढ्या टिकला, तो मुख्यतः या घरगुती स्वरूपामुळे. ज्यू सणांतील खेळ म्हणून आज जगभर ओळखले जाणारे प्रकार, उदा., हनुक्काची चार बाजूंची भिंगरी, पेसाहच्या रात्री लपविलेली भाकरी, पुरीमचे मुखवटे व खुळखुळे, कोकणात एकोणिसाव्या शतकानंतर आणि बहुतांशी विसाव्या शतकात आले. त्यापूर्वी कोकणातील ज्यू मुलाला आपला सण कशातून कळत असे, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय.

समाजात सांगितल्या जाणाऱ्या कथेनुसार अलिबागजवळील नवगाव येथे एक जहाज फुटले व त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज आसपासच्या गावांत पसरले. त्यांनी तेल गाळण्याचा धंदा पत्करला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावांच्या नावांवरून पडलेली आडनावे (किहीमकर, नवगावकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर इ.) ही त्यांच्या वस्तीचा जणू नकाशाच आहेत. जहाज केव्हा फुटले यासंबंधी एकमत नाही. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या व १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात ही घटना इ. स. पू. दुसऱ्या शतकात घातली आहे. त्यांच्या अनुमानाचा मोठा आधार सणांचाच आहे, म्हणून त्याचा विचार पुढे केला आहे.

पुढे डेव्हिड राहबी नावाचा ज्यू गृहस्थ कोकणात आला व त्याने या लोकांची परीक्षा पाहिली, असे परंपरा सांगते. त्याने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले, तेव्हा त्यांनी पर व खवले नसलेले मासे बाजूला काढले. ज्यू धर्मनियमांप्रमाणे असे मासे निषिद्ध होत. परीक्षा धर्मशास्त्राची असली, तरी ती स्वयंपाकघरात घेतली गेली आणि बायकांनी ती उत्तीर्ण केली, ही गोष्ट लक्षणीय आहे. राहबीने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना धर्मविधी शिकविले. हे पुरुष पुढे ‘काजी’ म्हणून गावोगाव विधी चालवीत. राहबीचा काळ कोणी मध्ययुगात, तर कोणी अठराव्या शतकात मानतात. कोचीनच्या ज्यू समाजात राहबी घराणे प्रसिद्ध होते, हे दुसऱ्या मताला पोषक आहे. ‘शापूरकर’ या नावावरून ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याशी संबंध जोडण्याचा मोह होतो. तथापि समाजाची मूळ वस्ती किनाऱ्यालगत होती आणि शहापूर नावाचे गाव अलिबाग तालुक्यातही आहे. आडनावाचे मूळ तेथेच शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

ठाणे जिल्ह्याच्या सीमा वारंवार बदलल्या आहेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाणे खंड १८८२ मध्ये निघाला, त्या वेळी पनवेल व कर्जत हे तालुके याच जिल्ह्यात मोडत. त्यामुळे पनवेलचे बेथ एल हे १८४९ चे प्रार्थनामंदिर आणि ठाणे शहरातील शाआर हश्शामायिम हे १८७९ चे मंदिर अशी दोन केंद्रे तेव्हा एकाच जिल्ह्यात होती. कल्याणच्या पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत गेलेल्या शहापूर व मुरबाड या तालुक्यांत मात्र सिनॅगॉग उभारले गेले नाही. मुरबाडची सीमा कर्जतला भिडत असूनही समाजाची परंपरागत वस्ती घाटाच्या बाजूस फारशी सरकली नाही. एकोणिसाव्या शतकात सैन्य, रेल्वे, टपाल व सरकारी कचेऱ्या यांतील नोकऱ्यांमुळे बेने इस्राएल कुटुंबे किनाऱ्यापासून दूर विखुरली. सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष (मिन्यान) लागतात. शहापूर-मुरबाडसारख्या अंतर्भागात बदली होऊन राहणाऱ्या एखाद्या कुटुंबास ते मिळणे दुरापास्त होते. अशा कुटुंबाला ठाण्याची वाट धरावी लागे किंवा घरातच सण साजरा करावा लागे. यांतील दुसरा मार्ग त्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके अनुसरलेलाच होता.

सणांची मराठी नावे : किहीमकरांनी नोंदविलेली जुनी नावे पाहिली म्हणजे सण कशाच्या आधारे लक्षात ठेवला जाई, ते कळून येते. वर्षारंभ (रोश हशाना) हा ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा दिवस (योम किप्पूर) हा ‘दरफाळणीचा सण’, म्हणजे दारे बंद करण्याचा सण. त्याचा दुसरा दिवस ‘शिळा सण’. पुरीम हा ‘होळीचा सण’. पेसाह म्हणजे ‘अनशी ढाकाचा सण’. जेरूसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन हा ‘बिरड्याचा रोजा’. ‘खिरीचा सण’ हा तर इतरत्र याच स्वरूपात न आढळणारा, खास कोकणचा होय.

यांपैकी ‘अनशी ढाकाचा सण’ हे नाव सर्वांत बोलके आहे. अनशी म्हणजे तोंडी लावण्यासाठी ठेवलेल्या आंबट द्रवाचे भांडे. ढाकणे म्हणजे झाकणे. पेसाहच्या दिवसांत खमीर किंवा आंबलेला कोणताही पदार्थ घरात वापरता येत नाही. ईजिप्तमधील दास्यातून घाईघाईने बाहेर पडलेल्या पूर्वजांना पीठ फुगेपर्यंत थांबता आले नाही, अशी त्यामागची कथा आहे. ती कथा, तो ग्रंथ आणि भोजनविधी यांचे विस्मरण झाले, तरी आंबट भांडे आठ दिवस झाकून ठेवायचे, एवढे स्मरण राहिले. गव्हाच्या पावाऐवजी भात व भाकरी खाणाऱ्या प्रदेशात खमिराचा निषेध या भांड्यावर येऊन स्थिरावला, हे स्वाभाविक होते. रोज जेवताना समोर येणारे भांडे एकाएकी झाकले गेलेले पाहून मूल ‘का’ असे विचारणारच. पेसाहच्या ग्रंथोक्त विधीचा आरंभही घरातील सर्वांत लहान मुलाने विचारलेल्या प्रश्नांनीच होतो. कोकणात प्रश्नांचे शब्द हरवले होते. प्रश्नाला कारण होणारी वस्तू मात्र शिल्लक होती.

पेसाहपूर्वीची साफसफाई हा मुलांच्या दृष्टीने सणाचाच भाग होता. घराला चुना लागे, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई केली जाई आणि मातीची भांडी नवी आणली जात. बकरा वा मेंढा कापल्यावर त्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर त्याचा ठसा उमटविण्याची आणि तो कागद दाराच्या वरच्या बाजूस लावण्याची चाल या समाजात होती. ईजिप्तमधील इस्राएलांच्या दारांवरील रक्ताच्या खुणेचे ते स्मरण होय. द्राक्षाच्या दारूऐवजी काळ्या मनुका भिजवून व कुसकरून केलेले सरबत आशीर्वादासाठी वापरले जाई. हे सरबत मुलांनाही मोकळेपणाने मिळे.

आश्विनातील सणांत खिरीचा सण विशेष विचारात घेण्याजोगा आहे. तो तिश्री महिन्याच्या चौथ्या दिवशी येई. नव्या धान्याची गूळ व नारळाचा रस घालून केलेली खीर पुढे ठेवून धूप जाळीत आणि ‘शेमा इस्राएल’ हे वचन म्हणत. हिब्रू प्रार्थनांपैकी हे एकच वचन समाजाच्या तोंडी राहिले होते. जन्म, सुंता, विवाह, व्रत अशा सर्व प्रसंगी तेच म्हटले जाई. तिश्रीच्या पंधराव्या दिवशी येणारा मांडवांचा व सुगीचा सण (सुक्कोथ) या खिरीच्या सणात उतरला असावा, असे अनुमान केले जाते. हळवे भात नेमके याच सुमारास तयार होते आणि शेजारच्या शेतकऱ्यांच्या घरी नवान्नाचा प्रसंग असतो. तेव्हा मूळची सुगी कनानमधील द्राक्ष-अंजिरांची असो वा कोकणातील भाताची असो, मुलाच्या पानात पडणारी खीर सुगीचीच होती. ज्यू आहारनियमानुसार मांस व दूध एकत्र चालत नाही, म्हणून या समाजाच्या पक्वान्नांत दुधाची जागा नारळाच्या रसाने घेतली; नव्याच्या सणाला केला जाणारा गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या रसातच शिजतो.

दरफाळणीच्या दिवशी मोठी माणसे स्नान करून, पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून दिवसभर निराहार राहत आणि इतरांचा स्पर्श टाळीत. एरवी सताड उघडे असणारे दार दिवसभर बंद राहणे ही खेड्यातील मुलाला विलक्षण वाटणारी गोष्ट होती. उपवास सुटताना ‘पुरी’ मिळे. या समाजात पुरी म्हणजे इतरांची करंजी होय. दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, दानधर्म करून लोक एकमेकांच्या घरी जात. दोन्ही हातांनी दुसऱ्याचे हात हळुवार स्पर्शून मग स्वतःची बोटे ओठांना लावण्याची ‘हातबोशी’ची रीत अशा भेटीगाठींत मुले अनुकरणाने शिकत.

बिरड्याचा रोजा हा शोकाचा दिवस. भातकापणीनंतर जमिनीतील ओलीवर घेतला जाणारा वाल हे ठाणे व रायगड (पूर्वीचा कुलाबा) या दोन्ही जिल्ह्यांचे पीक असून भिजवून, मोड आणून सोललेल्या वालाची आमटी, म्हणजे बिरडे, तेथील सर्वच घरांत होते. ज्यू परंपरेत मसुरीसारखे द्विदल धान्य हे सुतक्याचे अन्न मानले गेले आहे. मसुरीचे काम कोकणात वालाने केले, असे यावरून म्हणता येते. मोडाचे वाल एकेक करून सोलण्याचे वेळखाऊ काम कोकणातल्या कोणत्याही घरात मुलांच्या वाट्याला येतेच. हजारो मैलांवरच्या एका नगरीच्या नाशाचा शोक अशा प्रकारे मुलांच्या हातांपर्यंत पोहोचला होता.

पुरीमला होळी का म्हटले गेले, याचे प्रथमदर्शनी उत्तर पंचांगात सापडते. ज्यू महिने हिंदू महिन्यांप्रमाणेच चंद्राच्या गतीवर चालतात व अधिक मासाने सौरवर्षाशी जुळविले जातात. अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी येणारा पुरीम बहुतेक वर्षी फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास पडतो. त्याचप्रमाणे पेसाह चैत्री पौर्णिमेजवळ, दरफाळणी दसऱ्याच्या सुमारास, तर एलियाहूचा उरूस माघी पौर्णिमेच्या सुमारास येतो. दोन्ही पंचांगांतील अधिक मास एकाच वेळी न आल्यास महिन्याचे अंतर पडते. लेखी पंचांग नसलेल्या समाजाला शेजाऱ्याच्या सणावरून आपला सण ओळखता येत होता, हे यावरून दिसते. परंतु पुरीम व होळी यांचे साम्य तिथीपुरते नाही. पर्शियाच्या राजदरबारातील हामान या ज्यूद्वेष्ट्या मंत्र्याच्या पराभवाचा हा उत्सव गोंगाट, थट्टा व वेषांतर यांनी साजरा होतो. बॅबिलोनियातील तालमूद ग्रंथाच्या ‘सान्हेद्रिन’ या प्रकरणात पुरीमच्या दिवशी मुलांनी विस्तवावरून उड्या मारण्याच्या खेळाचा उल्लेख आला आहे आणि अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यांनी त्याचे स्पष्टीकरण केले आहे. होळीच्या आगीभोवती खेळणाऱ्या कोकणी मुलांशी याचे साम्य लक्ष वेधून घेते. यावरून कोकणातील ज्यूंनी तो खेळ बरोबर आणला, असे म्हणण्यास आधार नाही. आगीवरून उडी मारण्याचा मोह मुलांना सर्वत्र होतो, एवढेच म्हणणे सुरक्षित होय.

माघातील ‘एलियाहू हन्नबीचा उरूस’ हा बेने इस्राएलांचा खास स्वतःचा उत्सव. प्रेषित एलियाहू अग्निरथातून स्वर्गास गेला, ही बायबलमधील कथा त्यांनी अलिबागजवळील खंडाळे गावाशी जोडली. तेथील खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या व घोड्याच्या टापांच्या आहेत, अशी श्रद्धा आहे. जगातील इतर ज्यू ज्या दिवशी ‘वृक्षांचे नववर्ष’ (तु बिश्वात) पाळतात, त्याच दिवशी हा उरूस भरतो. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे यांचा मलिदा तबकात रचून त्याभोवती फळे मांडतात. मलिदा नवसफेडीलाही केला जातो. लग्नकार्यात, नव्या घरात, मूल आजारातून उठल्यावर तो घरोघरी होतो. पूजनीय तबकातील फळे शेवटी मुलांच्याच हाती येतात, त्यामुळे मुलांच्या आठवणींत या विधीचे स्थान सहसा पहिले असते.

नावांचे तीन थर स्पष्ट दिसतात. सण, खीर, होळी, शिळा, बिरडे ही मराठी नावे खाद्यपदार्थ व घरातील व्यवहार यांच्याशी संबंधित आहेत. रोजा, उरूस, मलिदा, काजी, मुकादम ही फार्सी-अरबी नावे उपवास, विधी व अधिकारपदे यांची असून एलूल महिन्यातील उपवासांना तर ‘रमजान’ म्हणत. सिनॅगॉगलाही जुने लोक ‘मशीद’ म्हणत. तिसरा थर हिब्रू नावांचा. तो सर्वांत अलीकडचा आहे. मुलांच्या रोजच्या जगात पहिल्या थराचे वर्चस्व होते.

हनुक्का हा दीपोत्सव जुन्या यादीत नाही. इ. स. पू. १६४ मध्ये मॅकाबी वीरांनी जेरूसलेमचे मंदिर पुन्हा पवित्र केले, त्याचे स्मरण म्हणून तो पाळला जातो. आपल्या पूर्वजांना तो ठाऊक नव्हता, त्याअर्थी ते त्या घटनेपूर्वीच मायदेश सोडून निघाले असले पाहिजेत, असा किहीमकरांचा युक्तिवाद आहे. तो आकर्षक असला, तरी निर्णायक मानता येत नाही. एखादा सण नसणे हे तो कधीच नव्हता याचे प्रमाण नव्हे. तो विसरलाही जाऊ शकतो. जे सण टिकले ते बहुतेक पौर्णिमेच्या, अमावास्येनंतरच्या प्रतिपदेच्या किंवा सुगीच्या आसपासचे, चटकन ओळखू येणारे होते. हनुक्का किस्लेव महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी, कृष्णपक्षात सुरू होतो. शिवाय त्याला विशिष्ट अन्न वा निषेध यांचा घरगुती आधार तुलनेने कमी आहे. दिवाळीचे दिवे जवळपास लागतच होते.

शिक्षण व सुधारणा : मुंबईतील पहिले बेने इस्राएल प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये सॅम्युएल इझीकेल दिवेकर ऊर्फ समाजी हसाजी यांनी बांधले. ते कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते. त्यानंतर कोकणात रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९), पेण (१८६३) येथे मंदिरे झाली. कोचीनहून आलेले शिक्षक, त्यांत शेलोमो सालेम शुर्राबी प्रमुख, मुलांना हिब्रू वाचन व प्रार्थनांच्या चाली शिकवू लागले. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांचाही यात मोठा वाटा आहे. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये या समाजासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. धर्मांतराच्या हेतूने चालविलेल्या शाळांत मुले आपला जुना करार मराठीतून वाचू लागली आणि अधिक पक्के ज्यू होऊन बाहेर पडली. पेसाहच्या भोजनविधीचा ग्रंथ, हग्गादा, मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर निघाला. १८७४ मध्ये पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापलेली हग्गादा सचित्र असून तिच्यातील बिनखमिराची भाकरी करणाऱ्या स्त्रिया मराठी पद्धतीची वस्त्रे नेसलेल्या दाखविल्या आहेत. मुलांच्या दृष्टीने ही चित्रे महत्त्वाची होत. ईजिप्तमधून सुटलेले लोक त्यांना आपल्या आई-आजीसारखे दिसू लागले. १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या आख्यानांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. मुंबईत १८७५ मध्ये समाजाची शाळा सुरू झाली, ती पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली गेली.

नवे ज्ञान आले तसे जुने सण मागे पडले. शास्त्रात आधार नसलेला खिरीचा सण, एलूलचा रमजान, शिळ्या सणाचे स्वतंत्र अस्तित्व यांना शिकलेल्या पिढीने अज्ञानाची खूण मानले. सुक्कोथचा मांडव नारळीच्या झावळ्यांनी शाकारून त्याला फळे टांगण्याची पद्धत रूढ झाली आणि जेथे पूर्वी तोराची गुंडाळीच नव्हती, तेथे ती नाचवीत मिरविण्याचा सिम्हाथ तोराचा आनंदसोहळा होऊ लागला. सुधारकांचा हेतू समाजाला जगातील इतर ज्यूंच्या बरोबरीने उभे करण्याचा होता व तो सफलही झाला. परंतु ज्या रूढींनी समाजाला ज्यू म्हणून जगविले, त्यांनाच सुधारणेत सर्वांत आधी सोडावे लागले, ही त्याची किंमत होती.

मुलांचे खेळ : सणाशी विधिपूर्वक जोडलेले खेळ जुन्या कोकणी परंपरेत फारसे नाहीत. बेने इस्राएल मुले गावातल्या इतर मुलांचेच खेळ, विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या, सागरगोटे, खेळत. फक्त शनिवारी त्यांना आवर घातला जाई. ज्यू जगात इतरत्र मात्र असे खेळ पुष्कळ असून त्यांतील काही अतिशय प्राचीन आहेत. तालमूदच्या ‘पेसाहीम’ या प्रकरणात सणाच्या रात्री मुलांना झोप येऊ नये म्हणून त्यांना भाजलेले दाणे व अक्रोडासारखी फळे वाटावीत, भाकरी हिसकावून घ्यावी, असे सांगितले आहे. पहिल्या सूचनेतून पेसाहमध्ये कठीण कवचाच्या फळांनी गोट्यांप्रमाणे खेळण्याची प्रथा अनेक देशांत रुजली. दुसरीतून अफिकोमान नावाचा भाकरीचा तुकडा लपविण्याचा व तो शोधून काढणाऱ्या मुलाने बक्षीस मागण्याचा खेळ निघाला असे समजतात. तुकडा मिळाल्याशिवाय भोजन पुरे होत नसल्याने मोठ्यांना सौदा करावाच लागतो.

हनुक्काची भिंगरी (यिडिश ‘ड्रेडल’, हिब्रू ‘सेव्हिव्होन’) ही आपल्या भोवऱ्यासारखी दोरीने न फिरविता बोटांच्या चिमटीने फिरवितात. तिच्या चार बाजूंवर नून, गिमेल, हे, शिन ही अक्षरे असतात. सर्व खेळाडू दाणे किंवा नाणी मध्ये ठेवतात; नून पडल्यास काही नाही, गिमेल पडल्यास सर्व, हे पडल्यास निम्मे मिळते आणि शिन पडल्यास भर घालावी लागते. ही अक्षरे ‘तेथे मोठा चमत्कार घडला’ या अर्थाच्या हिब्रू वाक्याची आद्याक्षरे मानली जातात. इस्राएलमध्ये ‘तेथे’च्या जागी ‘येथे’ म्हणतात व शेवटचे अक्षर बदलून ‘पे’ घालतात. ग्रीक राजाच्या बंदीच्या काळात मुले गुप्तपणे धर्मशास्त्र शिकत व शिपाई येताच भिंगरी खेळू लागत, अशी कथा शिक्षक सांगतात. प्रत्यक्षात हा मध्य युरोपातील जुगारी भिंगरीचा अवतार असून तीवरील अक्षरे मूळ जर्मन शब्दांची (काही नाही, सर्व, अर्धे, भर घाल) होती, असे अभ्यासक मानतात. कोकणातील कोणत्याही आजीच्या आठवणीत ही भिंगरी नसावी, यात नवल नाही. ओमेरच्या तेहतिसाव्या दिवशी (लाग बाओमेर) धनुष्यबाण घेऊन रानात जाण्याचा पूर्व युरोपीय मुलांचा खेळही असाच परका होय.

हे खेळ मुंबई व ठाणे येथील मुलांपर्यंत आले ते विसाव्या शतकात, सिनॅगॉगमधील वर्ग आणि हबोनिम, बेने अकिवा यांसारख्या युवक संघटना यांच्याद्वारे. त्यांच्याबरोबर हिब्रू गाणी आणि होरा नृत्यही आले. पुरीमला राणी एस्तेर व हामान यांची सोंगे काढणे, वाचनात हामानचे नाव येताच पाय आपटणे व खुळखुळे वाजविणे, सिम्हाथ तोराला मुलांवर मिठाई उधळणे हे प्रकार आता येथील सिनॅगॉगमध्ये सर्वपरिचित झाले आहेत.

स्थलांतर व सद्यःस्थिती : १९४८ च्या सुमारास समाजाची संख्या अंदाजे २०,००० होती. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली व कोकणातील अनेक मंदिरांत मिन्यान जमणे अवघड झाले. इस्राएलमध्ये विवाहाच्या प्रश्नावरून त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली गेली तेव्हा त्यांनी दीर्घ आंदोलन केले आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू म्हणून मान्यता देणारा ठराव केला. पुस्तकाविना पाळलेले सण ही एके काळी लाजेची बाब मानली गेली होती. या वादात मात्र समाजाच्या अखंड परंपरेची ती महत्त्वाची साक्ष ठरली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये राज्यातील ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. भारतात राहिलेला समाज काही हजारांचाच असून त्यातील बराच भाग मुंबई व ठाणे परिसरात आहे.

इस्राएलमध्ये जन्मलेल्या पिढ्यांना दरफाळणी, अनशी, शिळा सण ही नावे सहसा ऐकून माहीत नसतात. ती शाळेतील हिब्रू नावांनीच सण ओळखतात. जुन्या नावांपैकी मलिदा तेवढा लग्नापूर्वी, सैन्यातून मुलगा परत आल्यावर, नव्या घरात प्रवेश करताना तेथेही होतो. पोहे, गूळ व खोबरे तेथील भारतीय दुकानांतून आणले जातात आणि खंडाळ्याच्या खडकाकडे दर्शनाला येणाऱ्यांत इस्राएलमधून आलेली कुटुंबेही असतात.